जेव्हा ४ चा ५ होतो

फोर्ट्रान या संगणकभाषेतल्या जुन्या प्रोग्रॅममध्ये कधी कधी ४ चा ५ होत असे. पुढे जिथे जिथे ४ लिहिलेला असे, तिथे संगणक ५ धरून हिशेब करी. ओळ न् ओळ तपासूनही चूक सापडत नसे, कारण लिहिलेला ४ पडद्यावर ४ च दिसे.

याचे मूळ भाषेच्या रचनेत आहे. फोर्ट्रानमध्ये सबरुटीनला, म्हणजे प्रोग्रॅमने बोलावलेल्या उपप्रोग्रॅमला, सहसा आकडा न देता आकड्याचा मेमरीतला पत्ता दिला जातो. ४ सारखा स्थिरांकही मेमरीत कुठेतरी ठेवावाच लागतो. सबरुटीनने त्या पत्त्यावरच्या आकड्यात १ मिळवला, की मूळ स्थिरांकच बदलला. त्यात कंपायलरने, म्हणजे प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरने, जागा वाचवायला सगळ्या ४ ना एकच पत्ता दिला असेल, तर सगळे एकदम बिघडले!

उपाय हार्डवेअरने दिला. स्थिरांक मेमरीच्या 'फक्त वाचा' भागात ठेवायचे. तिथे लिहायचा प्रयत्न झाला, की प्रोसेसर ऑपरेटिंग सिस्टिमला कळवतो आणि ती प्रोग्रॅम तिथल्या तिथे बंद पाडते. गुपचूप चुकीचे उत्तर देणाऱ्या प्रोग्रॅमपेक्षा असा कोसळणारा प्रोग्रॅम कितीतरी प्रामाणिक, असे मला ठामपणे वाटते.

पण असे बदल मुद्दाम करणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमांचे काय? सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणकाने अवतरणचिन्हांतला मजकूर बदलल्यास काय होईल याची हमी काढून घेतली. 'एमकेटेम्प' हे फंक्शन मात्र तात्पुरत्या फाइलचे नाव बनवताना दिलेल्या मजकुरातच अक्षरे बदलते. त्याला अवतरणचिन्हांतला मजकूर देणारे प्रोग्रॅम चालावेत म्हणून जीसीसी कंपायलरने हा मजकूर बदलू देणारा पर्याय ठेवला होता. २००५ च्या ४.० आवृत्तीत तो काढला. डेल्फी या प्रोग्रॅमिंगच्या साधनात 'जे' नावाचे असेच सेटिंग आहे. ते चालू केले की प्रकार सांगून घोषित केलेले स्थिरांक बदलता येतात. पुष्कळांनी ते मुद्दाम वापरले, कारण प्रोसिजरच्या आतला असा स्थिरांक एका कॉलमधले मूल्य पुढच्या कॉलपर्यंत जपतो.

सर्वांत समंजस तोडगा मला इंटेलच्या फोर्ट्रान कंपायलरचा वाटतो. एरवी तो स्थिरांक सुरक्षित ठेवतो; ते संरक्षण काढायला सांगितले, तर सबरुटीनला स्थिरांकाची प्रत देतो. सबरुटीनने त्या प्रतीत हवे ते लिहावे. बोलावणाऱ्या प्रोग्रॅममधला ४ हा ४ च राहतो.