शिवराई ठेवायची कुठे?

घरात नाण्यांना चोरापेक्षा दमट हवेचं भय जास्त. कोकणातल्या पावसाळ्यात उघडी राहिलेली तांब्याची शिवराई हिरवट पडू लागते. त्याहून घातक म्हणजे पीव्हीसीचं मऊ, वास मारणारं पाकीट. काही वर्षांत त्यातून चिकट हिरवा थर नाण्यावर उतरतो. पाकीट पॉलिस्टरचं घ्या; ते कडक असतं, बोटांत चुरचुरतं. रबरबँडातल्या गंधकाने चांदीचा रुपया काळवंडतो. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा, दर पावसाळ्यात बदला. आणि चिंच-मीठ लावून नाणं लख्ख करू नका. आजीची समई तशी घासावी. नाणं घासलं की संग्राहकाच्या लेखी त्याचा भाव उतरतो.

लॉकर घेतला की चोरीची धास्ती कमी होते, पण आत काय ठेवलंय याची बँकेकडे नोंद नसते आणि त्याचा विमाही बँक उतरवत नाही. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२पासूनच्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर झाल्यास भरपाईची मर्यादा वार्षिक भाड्याच्या १०० पट आहे. भाडं ३,००० रुपये असेल, तर ३ लाख. संग्रह कितीही मोलाचा असो. पूर किंवा भूकंपाची जबाबदारी बँकेवर नाही, तेव्हा तळघरातला लॉकर शक्यतो टाळा. प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि वजन मात्र वहीत टिपून ठेवा, आणि ती वही लॉकरबाहेर ठेवा.