पेट्रोल, सोल्यूशन आणि बेंझीन

कर्वेनगरातले दुचाकीचे गॅरेज घ्या, नाहीतर पुण्यातले सोफा, सीट कव्हर किंवा बॅगा बनविणारे कोणतेही दुकान घ्या. पेट्रोलचा नाहीतर सोल्यूशनचा डबा हाताशी असतोच. पार्ट पेट्रोलने धुवायचे, काळे हातही त्यानेच धुवायचे, टाकीतले पेट्रोल नळीने तोंडाने ओढायचे. उस्तादाने केले तेच शागीर्द करतो. या पेट्रोलमध्ये बेंझीन असते आणि बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, याबद्दल आता वाद उरलेला नाही.

हे कळले ते आपल्यासारख्याच कारागिरांच्या जिवावर. इस्तंबूलच्या चपला, सपाता व हँडबॅगा बनविणाऱ्या कोंदट कारखान्यांत बेंझीनयुक्त सोल्यूशन वापरीत. तेथील डॉ. मुजफ्फर अक्सोय यांनी १९७४ साली प्रसिद्ध केले की, सुमारे २८,५०० कामगारांत २६ जणांना रक्ताचा कर्करोग झाला. म्हणजे सर्वसाधारण प्रमाणाच्या दुप्पट. बेंझीनचा वापर बंद होत गेला, तसे रुग्णही कमी झाले. धंदा बुडाला नाही, फक्त सोल्यूशन बदलले!

बेंझीनची वाफ श्वासावाटे शरीरात जाते आणि हाडांतील मगजावर, जिथे रक्त तयार होते तिथेच, घाव घालते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली साचते. म्हणून एक्झॉस्ट पंखा छताजवळ नव्हे, खालच्या बाजूस हवा. तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवीत नाही.

कायदा काय म्हणतो? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९७१ चा बेंझीन करार भारताने १९९१ मध्ये मान्य केला. त्यानुसार अठरा वर्षांखालील मुलांना व गरोदर स्त्रियांना या कामावर ठेवता येत नाही. पेट्रोलमध्ये आज कमाल १ टक्का बेंझीन चालते. एक टक्का ऐकायला थोडा वाटतो, पण बंद शटरआड दिवसभर डबा उघडा राहिला तर थोडा राहत नाही. आणि इन्स्पेक्टर चार माणसांच्या दुकानात क्वचितच येतो, तेव्हा जबाबदारी मालकाचीच.

व्यापारी बंधूंनी सोल्यूशन व थिनर घेताना कंपनीकडे सेफ्टी डेटा शीट मागावी. 'टोल्युईनचे आहे' एवढ्यावर समाधान मानू नये. हलक्या प्रतीच्या टोल्युईनमध्येही बेंझीन सापडते, शिवाय टोल्युईन मेंदूला व नसांना अपाय करतेच. पार्ट धुण्यास डिझेल किंवा डीग्रीजर वापरावे, हात साबणाने धुवावेत.

सतत थकवा, वारंवार ताप, हिरड्यांतून रक्त किंवा अंगावर निळे डाग दिसल्यास सीबीसी ही रक्ततपासणी करून घ्यावी व आपले काम काय ते डॉक्टरांना सांगावे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात बेंझीनमुळे होणारे रोग व्यवसायजन्य मानले गेले. अट होती मालकाकडे सलग सहा महिने कामाची. तो पुरावा हजेरीवहीतूनच मिळतो, आणि आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत हजेरीवहीच नसते.