कापूस, काळी माती आणि आत्याचा चेहरा

दोस्तांनो, समजा दिवाळीची सुट्टी लागली आहे आणि तुम्ही परभणी जिल्ह्यात, मानवतजवळच्या एका गावी आत्याकडे गेला आहात. मानवत, सेलू हा सगळा कापसाचा मुलूख. शिवारात वेचणी चालू आहे. फुटलेली पांढरीशुभ्र बोंडं, खाली काळीभोर जमीन आणि कमरेला ओटी बांधून भराभर कापूस वेचणारी आत्या! तुम्ही मोबाइल काढता. आत्या तळहात पुढे करते, "थांब रे, पदर तर नीट करू दे!" मग हसते आणि पुन्हा कामाला लागते. झाला व्हिडिओ!

रात्री सगळ्यांना तो कौतुकाने दाखवता. आत्या डोळे बारीक करून बघते आणि म्हणते, "लेकरा, रान तर दिसायलंय. पर मव्हं तोंड कुठंय यात?"

खरंच की! कापूस मळकट राखाडी दिसतोय आणि आत्याचा चेहरा म्हणजे नुसती काळी सावली. एवढं छान हसली होती ती, पण ते हसूच गायब! असं का झालं? आणि आता ते हसू परत आणता येईल का? येईल, बरं का! पण त्यासाठी आधी कॅमेऱ्याची एक खोड समजून घ्यायला हवी.

कॅमेरा फसतो कसा?

कॅमेऱ्याला कापूस म्हणजे काय, आत्या म्हणजे कोण, हे कुठं ठाऊक असतं? त्याला फक्त उजेड मोजता येतो. समोरच्या सगळ्या उजेडाची सरासरी काढायची आणि ती मध्यम करड्या रंगाएवढी आहे असं धरून चालायचं, हा त्याचा जुना हिशोब. मध्यम करडा म्हणजे आपल्यावर पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के उजेड परत फेकणारा रंग. छायाचित्रकार याच रंगाचं कार्ड जवळ बाळगतात. त्याला 'ग्रे कार्ड' म्हणतात.

आता कापसाच्या रानात चौकटभर पांढरंच पांढरं. कॅमेऱ्याला वाटतं, "बाप रे, केवढा हा उजेड!" आणि तो उजेड कमी आत घेतो. मग पांढरं राखाडी होतं आणि सावळं काळंठिक्कर पडतं. आजचे मोबाइल चेहरा ओळखून थोडी सुधारणा करतात, पण पांढऱ्याच्या गर्दीत तेही अनेकदा फसतात.

शून्य ते शंभर

व्हिडिओतला उजळपणा मोजायला एक पट्टी असते. शून्य म्हणजे पूर्ण काळं आणि १०० म्हणजे पडद्यावरचं सर्वांत उजळ पांढरं. या पट्टीची एक गंमत आहे. ग्रे कार्ड १८ टक्के उजेड परत फेकतं, पण नेहमीच्या व्हिडिओत त्याचा आकडा येतो साधारण ४१. उजेड दुप्पट केला, म्हणजे ३६ टक्के, तर आकडा ८२ व्हायला हवा ना? पण तो होतो ६०! पुन्हा दुप्पट केला, ७२ टक्के, तर ८५. म्हणजे उजेड दुप्पट झाला तरी आकडा दुप्पट होत नाही. आपल्या डोळ्यांना अंधाऱ्या भागातले बारीक फरक जास्त जाणवतात. म्हणून या पट्टीवर अंधाऱ्या भागाला जास्त जागा दिलेली असते.

आता आपला व्हिडिओ मोजू. समजा, कॅमेऱ्याने हवा होता त्याच्या निम्माच उजेड घेतला. मग आकडे साधारण असे येतील. काळी माती १९ ऐवजी ११. आत्याचा तळहात ६० ऐवजी ४१. कापूस ८८ ऐवजी ६२. आणि आत्याचा सावळा चेहरा २९ ऐवजी १९. बघा, चेहरा बरोबर तिथं जाऊन बसला, जिथं खरं तर मातीने असायला हवं होतं. मग आत्याला स्वतःचं तोंड दिसणार कसं?

सोपा उपाय फसतो

तुम्ही म्हणाल, "त्यात काय! ब्राइटनेस वाढवला की झालं." बघू या हं. या साध्या वाढीत प्रत्येक आकड्यात सारखीच भर पडते असं धरू. कापूस ६२ वरून ८८ वर न्यायचा, म्हणजे सगळीकडे २६ मिळवायचे. कापूस झकास झाला. पण माती झाली ३७, म्हणजे काळ्या रानाची पार राख झाली! आणि चेहरा झाला ४५. आत्या आहे त्यापेक्षा कितीतरी गोरी झाली. ही आपली आत्या नव्हेच!

बरं, चेहऱ्यापुरते १० मिळवले तर? चेहरा २९ वर आला, पण कापूस ७२ वर अडकला. रान मळकट ते मळकटच. एकाला धरावं तर दुसरं सुटतं.

आलेख कामाला येतो

इथे मदतीला येतो 'कर्व्ह', म्हणजे वक्ररेषा. शाळेत आलेख कागदावर रेषा काढताना "याचा पुढे काय उपयोग?" असं कधी मनात आलं होतं ना? हा घ्या उपयोग!

आडव्या अक्षावर जुना आकडा, उभ्या अक्षावर नवा आकडा. सुरुवातीला रेषा कोपऱ्यातून कोपऱ्यात सरळ तिरकी जाते. ११ चे ११, ६२ चे ६२, म्हणजे काहीच बदल नाही. आता त्या रेषेवर तीन खुंट्या ठोकायच्या. ज्या गोष्टींचा खरा उजळपणा आपल्याला माहीत आहे, त्यांच्याच खुंट्या.

पहिली खुंटी मातीची. ११ चे १९.
दुसरी तळहाताची. ४१ चे ६०.
तिसरी कापसाची. ६२ चे ८८.

तळहातच का? कारण माणूस गोरा असो की काळा, तळहाताच्या रंगात त्यामानाने फार फरक नसतो. तो ग्रे कार्डाच्या साधारण दुप्पट उजेड परत फेकतो. म्हणूनच कार्ड जवळ नसलं की छायाचित्रकार तळहात पुढे करून उजेड मोजतात. आत्याने "थांब रे" म्हणत हात दाखवला, तेव्हा तिने नकळत आपलं कामच केलं होतं!

आता खरी गंमत पाहा. चेहऱ्याला आपण हातसुद्धा लावलेला नाही. पण रेषेवर १९ च्या वर बोट ठेवा आणि डावीकडे नवा आकडा वाचा. साधारण ३०! म्हणजे हव्या असलेल्या २९ च्या अगदी शेजारी. तीन माहितीच्या गोष्टी जागेवर बसवल्या आणि न माहीत असलेला चेहरा आपोआप आपल्या खऱ्या रंगावर आला. आत्याचं हसू परत आलं.

कापसाच्या पुढे मात्र रेषा हळूहळू आडवी करत १०० पर्यंत न्यायची. नाही तर आभाळ आणि चमकती बोंडं नुसते पांढरे ठिपके होतात.

रेषेच्या या वळणाला मोठा इतिहास आहे. फर्डिनांड हुर्टर आणि व्हेरो ड्रिफिल्ड या दोघांनी इंग्लंडमध्ये प्रयोग करून १८९० मध्ये फोटोच्या प्लेटवर पडलेला उजेड आणि उमटलेला काळेपणा यांचा आलेख मांडला. तो खाली पायथ्याशी आणि वर खांद्याशी वळलेला होता. पुढे अमेरिकेत ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा अशा पायऱ्या केल्या. मध्यम करडा पाचव्या पायरीवर. आपली माती, हात आणि कापूस म्हणजे त्याच जिन्याच्या परभणीतल्या पायऱ्या म्हणा ना!

कोणाचा चेहरा प्रमाण?

आता एक विचार करण्याजोगी गोष्ट. खुणा चुकीच्या निवडल्या तर काय होतं?

रंगीत फोटोंच्या काळात कोडॅक कंपनी छपाई करणाऱ्या लॅबना नमुन्याची कार्डं पाठवत असे. त्यांवर एका गोऱ्या बाईचा फोटो असायचा. सुरुवातीच्या एका मॉडेलच्या नावावरून त्यांना 'शर्ली कार्ड' म्हणू लागले. शर्लीचा चेहरा छान आला की रंग बरोबर, असा हिशोब. मग काळ्या-सावळ्या लोकांच्या फोटोंचं काय? वर्गाच्या फोटोत गोरी मुलं नीट दिसायची आणि काळ्या मुलांचे नुसते डोळे-दात. पुढे लाकडी सामान आणि चॉकलेट बनवणाऱ्या कंपन्यांनी तक्रारी केल्या, त्यांच्या गडद रंगांतले बारकावे फोटोत येत नव्हते. मग फिल्म सुधारली. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेली कार्डं मात्र १९९० च्या दशकात आली.

म्हणजे चूक त्या मुलांच्या रंगात नव्हती, मोजमापात होती. आजही कितीतरी ॲप 'सुंदर' करण्याच्या नावाखाली चेहरा परस्पर गोरा करून टाकतात. पण आपल्याला आत्याला गोरं करायचं नाही आणि काळ्या सावलीत लपवायचंही नाही. ती उन्हात राबणारी आहे, सावळी आहे आणि हसरी आहे. ती तशीच दिसायला हवी.

करून पाहा

• व्हिडिओच्या सुरुवातीला दोन सेकंद ग्रे कार्ड किंवा स्वच्छ तळहात दाखवा. मात्र तो चेहऱ्यावर असलेल्या उजेडातच धरा. चेहरा पदराच्या सावलीत आणि हात उन्हात असेल तर हिशोब चुकेल.

• शूटिंग करताना पडद्यावर चेहऱ्यावर बोट दाबून धरा. बऱ्याच मोबाइलमध्ये उजेड तिथंच पक्का होतो. पण कापूस पार फाटून पांढरा होऊ देऊ नका. गेलेले धागे कोणतीच वक्ररेषा परत आणत नाही. फार काळोखातला भाग ओढून वर आणला तरी दाणे दिसू लागतात.

• कॉम्प्युटर असेल तर 'दा विंची रिझॉल्व्ह'ची मोफत आवृत्ती मिळते. तिच्यातल्या 'वेव्हफॉर्म'वर उजळपणाचे आकडे दिसतात आणि 'कर्व्ह'वर खुंट्या ठोकता येतात.

• यातलं काहीच नसेल तरी हरकत नाही. आलेख कागदावर वरच्या तीन खुंट्या मांडून रेषा काढा. ३० चं नवं उत्तर किती येतं? साधारण ४५ आलं तर शाबास!

आणि हो, दुरुस्त केलेला व्हिडिओ आधी आत्याला दाखवा. ती काय म्हणाली, तेवढं आम्हाला नक्की कळवा.