धुरातून गेलेले शिसे सौर पॅनेलमधून परत

तळोद्याच्या गॅरेजमधील जुन्या मिस्त्रींना पेट्रोल गाडीच्या प्लगवरचा राखट थर आठवत असेल. ती नुसती काजळी नव्हती. पूर्वी पेट्रोलमध्ये शिशाचे द्रव्य मिसळत, आणि ते शिसे सिलिंडरमध्ये चिकटून बसू नये म्हणून सोबत ब्रोमीन व क्लोरीनयुक्त द्रव्येही टाकत. इंजिनच्या उष्णतेत शिशाचे ब्रोमाईड-क्लोराईड तयार होऊन सायलेन्सरवाटे बाहेर पडे. इंजिन वाचे, फुफ्फुसांत विष जाई! 1 फेब्रुवारी 2000 पासून असे पेट्रोल देशभर बंद झाले.

क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन हे हॅलोजन घराण्यातले. त्यांची शिशाशी जोडी जमली की 'लेड हॅलाईड' बनते. 100 मिली साध्या पाण्यात शिशाचे क्लोराईड सुमारे 1 ग्रॅम विरघळते, उकळत्या पाण्यात 3 ग्रॅमहून अधिक. आयोडाईड याहून कमी विरघळते. गरम द्रावण थंड केले की त्याचे सोन्यासारखे चमकदार पापुद्रे खाली बसतात. दिसायला सुंदर, पण विषच.

हेच आयोडाईड आता वीज देऊ लागले आहे. 2009 मध्ये जपानच्या मियासाका यांनी त्यापासून पेरोव्हस्काईट नावाचा सौर घट केला. तेव्हा त्याची कार्यक्षमता 3.8 टक्के होती. आज प्रयोगशाळेत ती 26 टक्क्यांपुढे गेली आहे. मुंबईच्या आयआयटीतही यावर संशोधन चालते. अडचण ओलाव्याची. ओल शिरली की काळपट थर मोडून पुन्हा पिवळे लेड आयोडाईड उरते आणि वीज थांबते.

केळी-पपईच्या मळ्यांत आज सौर पंपांवर दिसतात ती पॅनेल सिलिकॉनची. उद्या कोणी स्वस्त 'पेरोव्हस्काईट' माल घेऊन आला, तर व्यापारी बंधूंनी आधी हमी किती वर्षांची, हे लेखी विचारावे. सिलिकॉनला 25 वर्षांची हमी सर्रास मिळते.

भंगारवाल्या बंधूंसाठी थोडे अधिक. गाडीच्या बॅटरीत शिसे किलोंनी असते, तर अशा पॅनेलच्या एका चौरस मीटरमध्ये जेमतेम ग्रॅमभर. पण फुटलेल्या काचेतून पावसाचे पाणी ते जमिनीत नेते. म्हणून असे पॅनेल फोडू नये, जाळू नये, उघड्यावर टाकू नये. हात धुतल्याशिवाय खाऊ नये, कामाचे कपडे लेकरांपासून दूर ठेवावेत. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलही येतात. तेव्हा हा माल नोंदणीकृत रिसायकलरकडेच द्यावा आणि पावती जपून ठेवावी.