साथींचे गणित (लेखांक ७) : मुंबईचे एकतीस आठवडे

१७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६. या एकतीस आठवड्यांत मुंबई बेटावर प्लेगने दर आठवड्याला किती माणसे दगावली, ते आकडे साथींचा अभ्यास करणाऱ्यांना आजही ओळखीचे आहेत. एडिंबरोच्या दोन संशोधकांनी १९२७ मध्ये आपले समीकरण याच आकड्यांवर घासून पाहिले. अँडरसन मॅकेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे एके काळचे संचालक. विल्यम कर्मॅक रसायनशास्त्रज्ञ. प्रयोगशाळेतल्या स्फोटात १९२४ मध्ये त्यांची दृष्टी गेली होती.

त्यांनी लोकांचे तीन गट केले. लागण होऊ शकेल असे, आजारी, आणि बरे होऊन किंवा मरण पावून साखळीतून बाहेर पडलेले. पहिल्या दोन गटांची जितकी गाठ पडेल तितके नवे आजारी. यातून निघालेला निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो : साथ ओसरायला गावातल्या प्रत्येकाने आजारी पडावे लागत नाही. लागण होऊ शकणारे लोक इतके विरळ झाले, की एका आजाऱ्यामागे सरासरी एकही नवा आजारी पडेनासा होतो, की ती उताराला लागते. पुष्कळ जण तिच्या तावडीतून सुटतात.

मग मुंबईच का? नोंदलेल्या प्लेगरुग्णांपैकी ८० ते ९० टक्के दगावत. त्यामुळे मृत्यूंचा आठवड्याचा आकडा म्हणजेच जवळजवळ तिसऱ्या गटात जाणाऱ्यांचा आकडा. समीकरणाची रेषा सतराव्या आठवड्याला, म्हणजे एप्रिलच्या मध्याला, ८९० मृत्यूंवर पोचते आणि चढली तशीच उतरते. प्रत्यक्ष नोंदींचे ठिपके तिला बिलगून आहेत.

पण घरोघरच्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असलेली एक गोष्ट या रेषेत नाही. आधी उंदीर पडत, मग माणसांना गाठी येत. माणसांतला प्लेग ही उंदरांतल्या प्लेगची सावली आहे, हे लेखकद्वयाने स्वतःच लिहून ठेवले आणि आपले सूत्र अगदी ढोबळ असल्याचेही सांगितले. पुढच्या पाठ्यपुस्तकांनी आकृती उचलली, हा इशारा मात्र बऱ्याचदा मागे राहिला.

खरी अडचण एकाच हंगामाची नोंद घेतल्याने येते. उन्हाळा तापला की उंदरांवरच्या पिसवा घटतात आणि साथ मंदावते. लोक विरळ झाल्यानेही ती मंदावते. कागदावर दोन्हींचा उंचवटा सारखाच दिसतो. आता १८९६ पासूनची मुंबईची आकडेवारी ओळीने मांडा. हिवाळा सरता सरता दरवर्षी तोच चढ, उन्हाळ्याअखेर तोच उतार. लागण होण्याजोगे लोकच सरले असते, तर पुढच्या वर्षी साथ पुन्हा इतकी कशी उसळली असती? फ्रेंच गणिती निकोला बाकाएर यांनी २०१२ मध्ये याच आकड्यांकडे परत जाऊन, उंदीर आणि ऋतुमान धरून नवे प्रारूप मांडले.

आणि हे आकडे नोंदले कसे गेले, तेही पाहायला हवे. १८९७ मध्ये घरझडत्या सुरू झाल्या, तेव्हा इस्पितळात आणि छावणीत नेतील या धास्तीने लोक आजारी माणूस घरातच लपवत. गाठ आलेली असूनही कुणी नुसता ‘ताप’ सांगितला असेल, तर तो मृत्यू प्लेगच्या रकान्यात आलाच नाही. त्या वर्षाची रेषा काढणाऱ्याच्या हाती तेवढे ठिपके मुळातच कमी येतात.