टिळकवाडीतून निघालेल्या पेट्या

नाशिकच्या टिळकवाडीत वि. वा. शिरवाडकरांचं, म्हणजेच कुसुमाग्रजांचं, घर आहे. अवघं शहर त्यांना तात्यासाहेब म्हणत असे. १९८७ सालचं ज्ञानपीठ या घरात आलं. वि. स. खांडेकरांनंतर मराठीला मिळालेलं हे दुसरं ज्ञानपीठ. त्यानंतर थोड्याच काळात, १९९० मध्ये, कुसुमाग्रज प्रतिष्ठान उभं राहिलं. लेखकाच्या नावाच्या संस्था आपल्याकडे बहुधा त्याच्या पश्चात निघतात आणि जयंती-पुण्यतिथीच्या कार्यक्रमांपलीकडे फारशा जात नाहीत. इथे ज्याचं नाव, तो माणूस पुढची नऊ वर्षं हयात होता आणि संस्थेने साहित्याबरोबर समाजाचंही काम करावं, हा त्याचाच आग्रह होता.

त्या आग्रहाला पूर्वपीठिका होती. नाशिकच्या काळाराम मंदिरात दलितांच्या प्रवेशासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला सत्याग्रह पुढे काही वर्षं चालला. १९३२ मध्ये त्याला पाठिंबा द्यायला उतरलेल्यांत विशीतला शिरवाडकरही होता. पुढे लोकहितवादी मंडळाचे ते संस्थापक-अध्यक्ष झाले, आदिवासींसाठीच्या कार्यसमितीत त्यांनी पडद्यामागे राहून काम केलं. प्रतिष्ठान निघालं तेव्हा शहराचा विश्वास त्यांनी आधीच कमावलेला होता. दान मागणाऱ्या कुठल्याही संस्थेचं खरं भांडवल हेच. बँकेतली ठेव त्याच्यानंतर येते.

एका शहराने आपला पैसा एकत्र करून आपल्याच शहरासाठी वापरावा, ही कल्पना जगाच्या पाठीवर शंभराहून अधिक वर्षं जुनी आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात फ्रेडरिक गॉफ या बँकरने १९१४ मध्ये तिला संस्थेचं रूप दिलं. अनेक दात्यांच्या रकमा एका ठिकाणी ठेवायच्या आणि शहरातल्या माणसांच्या समितीने गरज पाहून त्या वाटायच्या, अशी ती रचना. आपल्याकडे मुंबईत १९९१ मध्ये बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट याच धर्तीवर सुरू झाला. नाशिकने हा नमुना गिरवला असं म्हणता येणार नाही. पण वेळ जवळपास तीच होती.

प्रतिष्ठानचा सर्वांत गाजलेला भाग म्हणजे पुरस्कार. १९९१ पासून दर दोन वर्षांनी जनस्थान पुरस्कार दिला जातो. रोख रक्कम एक लाख रुपये, दिवस तात्यासाहेबांच्या जन्माचा, म्हणजे २७ फेब्रुवारी. पहिले मानकरी विजय तेंडुलकर. विंदा करंदीकरांना तो १९९३ मध्ये मिळाला, त्यांना पुढे २००३ सालचं ज्ञानपीठ मिळालं. भालचंद्र नेमाड्यांना २०१३ मध्ये जनस्थान आणि पाठोपाठ २०१४ चं ज्ञानपीठ. २००७ मध्ये हा मान बाबुराव बागुलांना मिळाला. ते नाशिक परिसरातलेच, पुढच्याच वर्षी गेले. ज्या शहरात मंदिराच्या दारासाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं, त्या शहराने ‘जेव्हा मी जात चोरली होती’च्या लेखकाला आपला सर्वोच्च वाङ्मयीन सन्मान द्यावा, ही घटना एका समारंभापुरती मोजून चालणार नाही. जनस्थान नसेल त्या वर्षी गोदावरी गौरव असतो. तो १९९२ पासून सुरू आहे आणि साहित्याच्या बाहेर बघतो. लोकसेवा, विज्ञान, संगीत, चित्र-शिल्प, नाट्य-चित्रपट, क्रीडा अशा क्षेत्रांतली माणसं त्यासाठी नाशिकला येतात.

पण पुरस्कार एका माणसाला मिळतो. वस्तीला काय मिळतं, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेत सापडतं.

नाशिकला वाचनालयाची परंपरा नवी नाही. सार्वजनिक वाचनालय, नाशिककरांचं ‘सावाना’, १८४० पासूनचं. अडचण अंतराची होती. सिडको, सातपूर, इंदिरानगर, पाथर्डी फाटा अशा बाजूंनी शहर पसरत गेलं आणि जुन्या गावातलं वाचनालय नव्या कॉलन्यांना लांब पडू लागलं. कामावरून संध्याकाळी घरी आलेला माणूस पुस्तक बदलायला पुन्हा रिक्षा करून जात नाही. मग पुस्तकांनीच जावं, हे प्रतिष्ठानचे विश्वस्त विनायक रानडे यांनी मनावर घेतलं.

व्यवस्था साधी आहे. एका पेटीत शंभर पुस्तकं, पेटीमागे साधारण पस्तीस वाचक. प्रत्येक पेटीतला संच वेगळा. सोसायटीतली, कार्यालयातली किंवा महिला मंडळातली एक व्यक्ती पेटी सांभाळायची जबाबदारी घेते. तीन-चार महिन्यांनी ती पेटी दुसऱ्या गटाकडे जाते आणि तिकडची इकडे येते. भिशीत पैसा फिरतो तशी इथे पुस्तकं फिरतात. वाचकाला काही द्यावं लागत नाही. पैसा येतो तो देणगीदारांकडून. कुणी वाढदिवसाला, कुणी आईवडिलांच्या स्मरणार्थ. हारतुरे आणि जेवणावळींवर गेला असता असा पैसा पुस्तकांत जातो, हे या योजनेचं मोठंच यश मानायला हवं.

इथे देण्याची पद्धत बारकाईने पाहण्यासारखी आहे. एकरकमी अनुदान मिळालं की घेणारी संस्था पावती देते, वर्षअखेरीला अहवाल धाडते आणि देणाऱ्या-घेणाऱ्यांचा संबंध बहुतेक वेळा तिथेच संपतो. पेटीचं तसं होत नाही. ती कुणीतरी घरात ठेवून घ्यावी लागते, नोंद करावी लागते, न परतलेल्या पुस्तकासाठी शेजाऱ्याचं दार वाजवावं लागतं. घेणाऱ्यालाही काम करावं लागतं, आणि त्या कामातून त्याचे शेजारी त्याच्या ओळखीचे होतात. मोठ्या शहरांच्या नव्या वस्त्यांमध्ये नेमकी हीच गोष्ट दुर्मीळ होत चालली आहे.

पेट्या नाशिकपुरत्या राहिल्या नाहीत. महाराष्ट्रभर गेल्या, मग दुबई, टोकियो, नेदरलँड्स असा प्रवास करत परदेशातल्या मराठी कुटुंबांकडे पोचल्या. त्याचं कौतुक भरपूर झालं आहे. त्याहून महत्त्वाचा प्रवास मात्र काही किलोमीटरचाच होता, तो म्हणजे नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहापर्यंतचा. फेब्रुवारी १९३३ मध्ये साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली ती नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत. बंदिवासातल्या माणसाला शब्दाचा किती आधार असतो, हे या गावाला कुणी बाहेरून येऊन सांगण्याची गरज नव्हती. कैद्यांच्या हाती पुस्तकांची पेटी देणं हे त्या आठवणीशी इमान राखणंच आहे.

नाशिकच्या दानाचा दुसरा प्रवाह कारखान्यांतून येतो. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींनी शहर घडवलं; मायको कंपनीची बॉश झाली तरी लोकांच्या तोंडी चौकाचं नाव मायको सर्कलच राहिलं. अशाच कारखान्यांच्या पुढाकाराने २००३ पासून जानेवारीत ‘नाशिक रन’ होते. हजारो लोक धावतात, त्यातून जमलेला निधी तिचा धर्मादाय न्यास वंचित मुलं, दिव्यांग आणि आदिवासी भागांत काम करणाऱ्या संस्थांना देतो. कामगार, व्यवस्थापक आणि शाळकरी पोरं एका रस्त्यावर येतात, याचंही मोल आहेच.

२०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ ने या प्रवाहाला मोठा जोर दिला. ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं १ एप्रिल २०१४ पासून बंधनकारक झालं. पैसा वाढला, पण तो बहुधा प्रकल्पाच्या चौकटीत येतो. वर्गखोली बांधून मिळते, संगणक मिळतात. वर्गखोली उघडणाऱ्या शिपायाचा पगार, वीजबिल, जागेचं भाडं, हिशेबनिसाचं मानधन यांसाठी हात आखडतो. छोट्या संस्था मोडतात त्या इथे. ठेवीच्या व्याजावर चालणाऱ्या न्यासांची ओढाताण आणखी वेगळी. नव्वदच्या दशकात बँका मुदत ठेवीवर दहा-बारा टक्के देत. पुढे तो दर सहा-सातवर आला. ठेव तेवढीच राहिली, खर्च मात्र कैक पटींनी वाढले.

म्हणूनच नाशिकमध्ये देणाऱ्यांनी आता चालू खर्चाकडे वळायला हवं. पेट्यांतली पुस्तकं हाताळून फाटतात, ती बांधून घ्यावी लागतात, बदलावी लागतात. पेट्यांची ने-आण करणारं वाहन लागतं, नोंदी ठेवणारा माणूस लागतो. यावर कुणाच्या नावाची पाटी लागत नाही, फोटोही निघत नाही. सातपूर-अंबडमधल्या एखाद्या कंपनीने पाच वर्षं हा खर्च उचलायचा शब्द दिला, तर मुलांसाठीच्या पेट्या पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकच्या आश्रमशाळांपर्यंत नियमित फिरवता येतील. तिथे शंभर पुस्तकं एकत्र पाहिलेलं मूल आजही विरळाच.