हरलेल्या सैन्याचा मास्तर : शार्नहोर्स्ट



नेपोलियनचा पाठ शिकवताना आपण त्याच्या लढाया सांगतो, फळ्यावर सनावळ्या लिहितो आणि पुढे जातो. पण त्याच्याकडून हरलेल्यांनी पुढे काय केलं, हे बहुतेक वेळा राहूनच जातं. आज तोच भाग पाहू. यातला नायक चक्क एक शिक्षक आहे.

आधी पराभव समजून घेऊ

१४ ऑक्टोबर १८०६. येना आणि औएरश्टेट या दोन ठिकाणी एकाच दिवशी प्रशियाचं सैन्य नेपोलियनच्या फौजांकडून हरलं. औएरश्टेटला तर फ्रेंच सेनापती दावूकडे साधारण २७ हजार माणसं होती आणि समोर प्रशियाचे त्याच्या दुपटीहून जास्त. तरी प्रशिया हरला!

का? हे सैन्य फ्रेडरिक द ग्रेटच्या जुन्या पुण्याईवर जगत होतं. फ्रेडरिक १७८६ मध्ये वारला होता. पण कवायत तीच, सरळ रांगेत उभं राहून गोळ्या झाडण्याची पद्धत तीच. अधिकारी व्हायचं तर सहसा सरदार घराण्यात जन्म हवा. शिपायाला शिस्त लावायची ती फटक्यांनी. सरसेनापती ब्रन्सविकचे ड्यूक तेव्हा ७१ वर्षांचे होते.

समोरचे फ्रेंच मात्र वेगळे. त्यांच्यात साधा शिपाईसुद्धा कर्तबगारीवर वर चढू शकत होता. त्यांचे कोअर म्हणजे पायदळ, घोडदळ आणि तोफा असलेलं स्वतंत्र छोटं सैन्यच. शिपाई पांगून, आडोसा घेऊन लढायला शिकलेले.

हा मास्तर कोण?

गेरहार्ड शार्नहोर्स्ट. जन्म १७५५, हॅनोवरजवळच्या बोर्डेनाऊ गावात. घर शेतकऱ्याचं, सरदारकीचा पत्ता नाही. एका तळ्यातल्या विल्हेल्मस्टाइन किल्ल्यावरच्या लष्करी शाळेत तो शिकला, पुढे हॅनोवरच्या सैन्यात तोफखान्याचा शिक्षक झाला. १७९३-९४ मध्ये तो क्रांतिकारी फ्रेंच फौजांशी स्वतः लढला. हे अर्धशिक्षित वाटणारे लोक जिंकतात कसे, हा प्रश्न तिथेच त्याच्या डोक्यात बसला.

१८०१ मध्ये तो प्रशियाच्या नोकरीत आला आणि बर्लिनला अधिकाऱ्यांना शिकवू लागला. दिसायला रुबाबदार नाही, वक्तृत्व यथातथाच. पण विद्यार्थी जीव लावून ऐकायचे. त्यातलाच एक क्लाउझेविट्झ, पुढे युद्धशास्त्राचा मोठा विचारवंत झाला. शार्नहोर्स्टने एक अभ्यासमंडळही काढलं. तिथे अधिकारी निबंध वाचायचे, चर्चा करायचे. सुधारणांची टिपणंही त्याने वरिष्ठांना दिली होती. पण जिंकलेल्या आजोबांच्या घरात नवी सून काही सांगायला गेली तर काय होतं, ते आपल्याला माहीतच आहे!

पराभवानंतर काय बदललं?

१८०७ मध्ये राजाने सैन्याच्या फेररचनेसाठी आयोग नेमला आणि त्याचं प्रमुखपद शार्नहोर्स्टला दिलं. सोबत ग्नायझेनाऊ, बॉयेन, ग्रोल्मान असे सहकारी. मुख्य बदल असे :

१. हिशेब. युद्धात कोण कसं वागलं, याची चौकशी झाली. शरणागती पत्करणारे अनेक अधिकारी घरी गेले.

२. पात्रता. ऑगस्ट १८०८ च्या नियमाने अधिकारीपद जन्मावर ठरेनासं झालं. शांततेच्या काळात ज्ञान आणि शिक्षण, युद्धात शौर्य आणि समज, ही कसोटी ठरली.

३. सन्मान. त्याच महिन्यात फटक्यांच्या अपमानास्पद शिक्षा बहुतांशी बंद झाल्या. मारून उभा केलेला शिपाई रांगेत चालेल, पण एकटा पडला की स्वतः विचार करून लढणार नाही. नव्या युद्धाला विचार करणारा शिपाई हवा होता.

४. राखीव दल. नेपोलियनने तहात सैन्यावर ४२ हजारांची मर्यादा घातली. मग काही शिपायांना थोडं शिकवून घरी पाठवायचं आणि त्यांच्या जागी नवे घ्यायचे, अशी युक्ती काढली. यातून लाखांनी सैन्य उभं राहिलं असं पूर्वी सांगितलं जायचं, पण तो आकडा फुगवलेला आहे. मुलांना सांगताना एवढी काळजी घ्या.

५. शाळा. ऑक्टोबर १८१० मध्ये बर्लिनला उच्च लष्करी शिक्षणाची शाळा सुरू झाली. क्लाउझेविट्झ तिथे शिकवायला होता.

शेवट

१८१३ मध्ये प्रशिया पुन्हा नेपोलियनविरुद्ध उभा राहिला, या वेळी सामान्य नागरिकांचं लांडवेर हे दल सोबत घेऊन. २ मे रोजी ग्रोसगोर्शेनच्या लढाईत शार्नहोर्स्टच्या पायाला जखम झाली. ऑस्ट्रियाला आपल्या बाजूला वळवायला तो तशाच अवस्थेत निघाला. जखम चिघळली आणि २८ जूनला प्रागमध्ये त्याचा मृत्यू झाला. ऑक्टोबरमध्ये लाइप्झिगला नेपोलियन हरला. ते पाहायला मास्तर नव्हता.

सगळंच गोड झालं असं मात्र नाही. धोका टळल्यावर जुन्या मंडळींनी डोकं वर काढलं. १८१९ मध्ये बॉयेनला युद्धमंत्रिपद सोडावं लागलं. सुधारणा एकदा करून भागत नाही, ती टिकवावी लागते.

वर्गात विचारण्यासाठी

- शार्नहोर्स्टचं म्हणणं १८०६ च्या आधीच ऐकलं असतं, तर येनाला काय झालं असतं? (जर-तरच्या उत्तराला कारण जोडायला लावा. नुसती कल्पना नको.)
- पाच बदलांपैकी सर्वांत अवघड कोणता? का?
- चांगले नियम असूनही जुन्या सवयी परत का येतात?

पालकांनो, एक गोष्ट घरीही करून बघा. मूल नापास झालं किंवा मार्क कमी पडले की आपण आधी ओरडतो. शार्नहोर्स्टच्या आयोगाने आधी विचारलं, नेमकं कुठे चुकलं? मग शिकवण्याची पद्धत बदलली. पेपर हातात आल्यावर मुलासोबत बसून हाच प्रश्न विचारा, आणि त्याचं उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबा.